एफटूपाय: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या डिस्टिलरीतल्या कॉलमचं (उकळून अल्कोहोल वेगळं करणाऱ्या उभ्या मनोऱ्याचं) संगणकी मॉडेल फोरट्रान ७७ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. ते लिहिणारे सर केव्हाच रिटायर झाले. 'सगळं पायथनमध्ये नव्यानं लिहा' असा आग्रह होता. पण वर्षानुवर्षं चाललेला कोड फेकून द्यायला माझं मन होईना. फोरट्रानचा कोड पायथनमधून चालवू देणारं, नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीसोबत येणारं एफटूपाय घेतलं आणि गळीत हंगामाच्या तोंडावर कामाला लागलो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हवी ती सबरुटीन (प्रोग्रॅमचा एक स्वतंत्र तुकडा) एकटी चालवता येते. आधी इनपुट फाइल द्यायची आणि थेट शेवटचा प्रिंटआउट बघायचा, मधलं काहीच दिसायचं नाही. मी पहिल्यांदा फक्त बाष्पदाबाची सबरुटीन चालवली. ७६० मिमी पाऱ्याच्या दाबाला शुद्ध इथेनॉल ७८.३२ अंशांना उकळायला हवं, उत्तर आलं ७८.१५. हा आकडा अझिओट्रोपच्या (उकळून आणखी वेगळं न होणाऱ्या इथेनॉल-पाणी मिश्रणाच्या) तापमानाला इतका जवळचा, की रोज कॉलम बघणाऱ्याला त्यात वावगं वाटणारच नाही. कोड उघडला. बाष्पदाब काढायच्या अँटॉइन समीकरणातला स्थिरांक १६४२.८९ बरोबर लिहिलेला होता. पण ओळी एकाखाली एक दिसाव्यात म्हणून कुणीतरी त्या उजवीकडे सरकवल्या होत्या आणि शेवटचे ८९ बहात्तराव्या रकान्यापलीकडे गेले होते. जुन्या पद्धतीच्या फोरट्रानमध्ये त्यापुढचं कंपायलर वाचतच नाही. म्हणजे हिशेबात फक्त १६४२, आणि एररही नाही! मॉडेलचं टॉपचं तापमान नेहमी जरा कमी यायचं आणि आम्ही दोष आरटीडीला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरला, देत होतो. जीफोरट्रान या कंपायलरच्या सगळ्या वॉर्निंग सुरू केल्या असत्या तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुम्ही तेवढं नक्की करा.

त्रासही झाला. पायथन ३.१२ पासून कोड बिल्ड करायचं जुनं साधन डिस्टयूटिल्स गेलं, आता बिल्ड मेसन या दुसऱ्या साधनावर होतं. जुन्या कमांड चालेनात, त्यात चार दिवस गेले. कुठला अ‍ॅरे (आकड्यांची यादी) आत जाणार, कुठला बाहेर येणार हे कॉमेंटमध्ये सांगावं लागतं. ते राहिलं तर कधी कधी कॉपीवर काम होतं आणि आपला अ‍ॅरे तसाच राहतो. कॉमन ब्लॉक (सगळ्या सबरुटीनची सामायिक मेमरी) पायथनमधून वाचता येतात, ही मोठीच सोय. पण मागच्या रनची तापमानं तिथंच पडून असतात, म्हणून दरवेळी ती आधी पूर्ववत करून घ्यायची.

आता सोलापुरात मे तापलाय. कूलिंग टॉवरचं पाणी दुपारी गरम होतं, कंडेन्सर कमी पडतो. रिफ्लक्स (थंड करून कॉलममध्ये परत सोडायचा द्रव) किती ठेवायचा हे ऑपरेटर शिफ्टच्या सुरुवातीला याच मॉडेलवर बघून घेतात.