खोक्यावर १८ महिने, माझ्याकडे साडेदहा महिन्यांत तिसरा सेल

माउसवर एवढं लांबलचक लिहिणारी मी येडीच वाटेन, पण दिवसाचे आठ-नऊ तास हातात तोच असतो. परळला एका छापखान्यात डीटीपी करते, लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे बॅनर, आणि निवडणूक आली की मग विचारूच नका. गेल्या वर्षी लॅमिंग्टन रोडवरून साडेसहाशेचा वायरलेस माउस उचलला, एका डबल ए सेलवर चालणारा, खोक्यावर ठळक अक्षरात "बॅटरी १८ महिने". कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हे सगळ्यांच्याच खोक्यांवर असतं.

पहिला सेल सात आठवड्यांत गेला. सात! दुकानदार म्हणाला ताई सेल डुप्लिकेट असेल, मी पण मान्य केलं, चांगला सेल टाकला आणि रडत रडत पुढे चालू.

मग एका रविवारी बहिणीचा मुलगा घरी आला, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "मावशी, बॅगेत टाकताना खालचं बटण बंद करतेस का?" मी कशाला करतेय, रात्री घरी पण काम असतं त्यामुळे मुलुंड ते परळ माउस रोज माझ्यासोबत गाडीत लटकत असतो. तो हसायलाच लागला. म्हणाला अगं बॅगेतलं कापड त्याच्या डोळ्यासमोर सारखं हलतंय, त्याला वाटतंय तू काम करतेयस, वरून गर्दीत बटणं दाबली जातायत आणि हा बिचारा रिसीव्हरला, म्हणजे यूएसबीत खोचतात त्या छोट्या तुकड्याला, हाका मारतोय, रिसीव्हर बंद लॅपटॉपमध्ये, उत्तर येत नाही म्हणून परत हाक. म्हणजे मी एकवेळ चौथ्या सीटवर डुलकी काढेन पण माउस पूर्ण प्रवास जागा.

आता ही जाग-झोप म्हणजे नेमकं काय ते त्याने दाखवलं, आणि खरं सांगते मला त्यात माझ्या कामापेक्षा जास्त मजा आली. घरात एक जुना वायरचा लाल लाइटवाला माउस पडला होता, तो त्याने खोलला. आत एडीएनएस-२६१० नावाची चिप निघाली, हिलाच सेन्सर म्हणतात. तिच्यात एक चिमुकला कॅमेरा असतो, फक्त १८ बाय १८ ठिपक्यांचा, म्हणजे ३२४ ठिपके, पण सेकंदाला १५०० फोटो काढतो. दोन फोटो शेजारी ठेवून चिपच ठरवते की खालची जमीन किती सरकली. फोटो बाहेर पाठवतच नाही, बाहेर जातात फक्त दोन आकडे, आडवं किती, उभं किती. ह्या चिपला बोलायला वायरी पण दोनच, एकीवर ठोके पडतात आणि दुसरीवर त्या ठोक्यांच्या तालात एकेक बिट जातो. माउसमधला कंट्रोलर, म्हणजे सगळा कारभार बघणारी दुसरी चिप, आधी पत्ता पाठवतो की मला अमुक खान्यातलं सांग, त्या पत्त्याचा पहिलाच बिट सांगतो की वाचायचंय की लिहायचंय, मग चिप उत्तर देते. त्याने ते आर्डुइनोला, म्हणजे प्रयोगासाठी प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडलं आणि स्क्रीनवर आकडे धावायला लागले, ० ०, ३ -१, ७ -२. एक आकडा -१२८ ते १२७ मध्येच बसतो, आणि एकदा वाचला की खाना परत शून्य, गल्ल्यातली चिल्लर मोजून काढून घेतल्यासारखं.

आणि मग त्याने तो ३२४ ठिपक्यांचा फोटोच स्क्रीनवर आणला. खाली सतरंजी ठेवली तर विणीतले काळे-पांढरे चौकोन स्पष्ट. माझ्या टेबलाचा चकचकीत सनमायका ठेवला तर सगळा एकसारखा करडा, आणि त्यात कुठेतरी एक-दोन ठिपके उगाच चमचम करतायत. तेव्हा कळलं की माझा कर्सर न हलवता थरथरतो तो का. चिपला त्या चमचमीतच हालचाल दिसते, आणि हालचाल दिसली की ती झोपत नाही.

झोपेच्या पायऱ्या असतात हे मला माहीतच नव्हतं. जुन्या लाल माउसमध्ये तुम्ही पण बघितलं असेल, हात काढला की थोड्या वेळाने लाइट मंद होतो, ती पहिली डुलकी. नवीन कमी पॉवरवाल्या सेन्सरमध्ये बहुतेक तीन पायऱ्या असतात. हात थांबला की फोटोंचा वेग कमी, अजून थांबला तर अजून कमी, शेवटच्या पायरीला बऱ्याच सेन्सरमध्ये अर्ध्या सेकंदाला एकदाच डोळा उघडून बघतात की काही हललंय का, आणि लाइट पण फक्त तेवढ्या क्षणापुरता लागतो. शिवाय नवीन चिपना मोशन नावाची वेगळी पिन असते. पूर्वी कंट्रोलर सारखा विचारत बसायचा, काही आहे का, काही आहे का, आता तो स्वतः झोपतो आणि सेन्सरने ती पिन ओढली तरच उठतो. घंटा वाजली की दार उघडायचं, उगाच दारात उभं राहायचं नाही.

नव्या माउसचा लाइट दिसतच नाही कारण तो इन्फ्रारेड आहे. सिलिकॉनला तो लाल लाइटपेक्षा चांगला दिसतो म्हणून कमी उजेडात भागतं. माझ्या सेल्फी कॅमेऱ्यात फिकट जांभळा ठिपका दिसला, मागच्या कॅमेऱ्यात नाही.

मग आम्ही मोजलं. पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी फॉईल चिकटवून ती सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये सरकवली आणि दोन्ही फॉईलना मल्टिमीटर लावला. हलवताना करंट साधारण ५ मिलिअँप. सोडून दिला की आकडा टप्प्याटप्प्याने उतरत ०.०५ च्या आसपास. (बारीक रेंजवर मीटर ठेवून माउस हलवला तर तो बंदच पडत होता, भाचा म्हणाला त्या रेंजला मीटरच मध्ये व्होल्टेज खातो.) सेल २००० मिलिअँप तासाचा धरा. मी खरोखर हात हलवते ते दिवसाला दोन तास, बाकी वाचणं, फोन, मालकाशी वाद. म्हणजे हलवण्याचे १० आणि झोपेचे १ मिलिअँप तास, रोज ११, म्हणजे जेमतेम १८० दिवस. उलटा हिशेब लावला तर खोक्यावरचे १८ महिने दिवसाला अर्धा तास माउस हलवणाऱ्या माणसाचे निघतात. असा माणूस कुठल्या ऑफिसात मिळतो ते मला पण सांगा.

दुसरा सेल १५ आठवडे गेला, तोवर बॅगेत टाकताना बटण बंद करायची सवय लागली होती पण सनमायका तोच आणि रिसीव्हर पण चुकीच्या जागी. छापखान्यात तो मी सीपीयूच्या मागे निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टला लावलेला, बाजूला एक्स्टर्नल हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो, जिथे हे माउस बोलतात, इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. माउस निरोप पाठवतो आणि पोच यायची वाट बघतो, पोच नाही आली तर परत पाठवतो, आणि रेडिओच सगळ्यात खादाड. माउसमध्ये भरपूर वापरली गेलेली नॉर्डिक कंपनीची एनआरएफ२४एल०१ ही रेडिओ चिप बोलताना ११ मिलिअँपच्या वर घेते आणि पूर्ण बंद असताना एक मायक्रोअँपपेक्षा कमी. मग साठ रुपयांची एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर टेबलावर आणला, खाली कापडी पॅड टाकलं, आणि फाइल मोठी असली की कर्सर अडखळायचा तो प्रकारच गेला. आधी मी कोरलला, म्हणजे आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला, शिव्या घालत होते.

तक्रार एकच राहिली. फोनवर पाच मिनिटं बोलून परत आलं की पहिल्या झटक्याला कर्सर जागचा हलत नाही, मग एकदम उडी मारतो. एकदा त्या नादात पत्रिकेतला नवऱ्या मुलाचा फोटो डिलीट झाला, कंट्रोल झेडने वाचले. आता आधी हलकेच हलवते, कर्सर जागा झाला की मग क्लिक. चहाला उठताना खालचं बटण बंद करत बसू नका, त्याची झोप पुरेशी आहे, बॅगेत टाकताना मात्र कराच.

चार्जिंगचे सेल टाकून बघितले दोन दिवस, ते १.२ व्होल्टचे असतात म्हणून बॅटरी संपल्याचा लाल दिवा सुरुवातीलाच लुकलुकायला लागला, काढून टाकले.

तिसऱ्या सेलचा आज १६३ वा दिवस, कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवलंय. काल संध्याकाळी दिवा पहिल्यांदा लुकलुकला. १८० पर्यंत खेचतो का बघते, ड्रॉवरमध्ये नवीन सेल आणून ठेवलाय.