मेट्रिकची चिन्हं: (+−−−) की (−+++)?

मेट्रिक म्हणजे काळ आणि अवकाश मिळून अंतर मोजायचं सूत्र. पहिलं चिन्ह काळाचं, उरलेली तीन अवकाशाची. एमएस्सीच्या प्रकल्पाला बसलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, चिन्हांच्या या दोन संकेतांपैकी कुठला धरू? भौतिकी दोन्हीत तीच. फरक कागदावरच्या कष्टाचा, पण तो खराच आहे.

आधी वस्तुमान. प्रकाशाचा वेग १ धरला तर (+−−−) मध्ये चतुःसंवेगाचा (ऊर्जा आणि संवेग मिळून होणाऱ्या चार घटकांच्या सदिशाचा) वर्ग थेट वस्तुमानाच्या वर्गाइतका येतो. (−+++) मध्ये त्याला उणे चिकटतं, आणि अदिश (दिशा नसलेल्या) क्षेत्राच्या क्लाइन-गॉर्डन समीकरणातल्या वस्तुमानाच्या पदाचंही चिन्ह फिरतं. एका पुस्तकातला प्रोपगेटर (कण एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत कसा जातो ते सांगणारं सूत्र) दुसऱ्यातल्या मेट्रिकशी जोडून मी स्वतः अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

सदिशाचे निर्देशांक (घटकांचे क्रमांक) वर-खाली करताना मात्र (−+++) फार सुखाचा. फक्त काळाचा घटक चिन्ह बदलतो. अवकाशातला सदिश जसाच्या तसा राहतो. विक रोटेशनमध्ये काळ काल्पनिक केला की चारही चिन्हं अधिक होतात, म्हणजे सरळ युक्लिडीय भूमिती. (+−−−) मध्ये चारही उणे होतात, मग ते उणे बाहेर काढत बसा.

डिरॅक मॅट्रिक्सचं, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या समीकरणातल्या चार मॅट्रिक्सचं, उलट आहे. नेहमीच्या व्याख्येने (+−−−) मध्ये काळाच्या मॅट्रिक्सचा वर्ग +१ येतो, दुसरीकडे −१. पण मायोराना क्षेत्रांसाठी (ज्यांचा कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असतो) (−+++) मध्ये चारही मॅट्रिक्स पूर्ण वास्तव घेता येतात, हे मला फार देखणं वाटतं.

कणांच्या टकरी आणि त्या मांडणाऱ्या फाइनमन आकृत्या करणाऱ्याने (+−−−) घ्यावा. सापेक्षता, कृष्णविवरं, स्ट्रिंग सिद्धांत असेल तर (−+++). त्या विद्यार्थिनीचा विषय श्वार्झशिल्ड (न फिरणाऱ्या) कृष्णविवराभोवतालचं अदिश क्षेत्र आहे. तिला मी दुसराच सांगितला, आणि तो पहिल्याच पानावर लिहून ठेवायला.