पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: मशीन चांगलं, बाटलीचं झाकण डोकेदुखी

आवाज, वजन, चाकं यावर भरपूर लिहून झालंय, ते सोडते. सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटसाठी खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं हे मशीन रोज पंधरा तास चालतं, त्यातलं नडलं ते एकच: ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण.

ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरची गोळी 2 वर (मिनिटाला 2 लिटर), हिरवा दिवा चालू, तरी बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर 86 टक्क्यांच्या वर सरकेना. डॉक्टरांनी 88 ते 92 ठरवून दिलंय. सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला, "सिव्ह गेली, बदलावी लागेल." सिव्ह म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा करणारी, झिओलाइटच्या दाण्यांची आतली चाळणी. खर्चही असा सांगितला की संताप यावा. सिव्ह धडधाकट होती. ऑक्सिजन झाकणातून निसटत होता.

शुद्धतेचा सेन्सर आणि फ्लोमीटर दोन्ही बाटलीच्या अलीकडे असतात. पुढे कितीही गळू दे, गोळी 2 वरच आणि दिवा हिरवाच. सिव्ह खरंच गेली की शुद्धता घसरते आणि धोक्याचा दिवा लागतो.

तपासायला कॅन्युलाची (नाकात लावायची) नळी बाटलीजवळ चिमटीत घट्ट दाबा. काही सेकंदांत झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी देतो. गप्प राहिला तर गळती आहे. पाणी रोज बदलायचं, म्हणजे झाकण रोज उघडायचं, आणि प्लास्टिकचे आटे वाकडे बसतात. आधी झाकण उलटं फिरवा, आटा खाली बसल्याचं बोटाला कळतं, मग आवळा. आतला वायसरही जागेवर हवा.

आता बाटलीबद्दलचं मतच बदललंय. 1-2 लिटरला बहुतेकांना ती लागतच नाही. नाक फार कोरडं पडलं किंवा रक्त आलं तरच. डॉक्टरांना विचारून काढली, नळी थेट जोडली. डिस्टिल्ड वॉटरचा खर्चही वाचला. नाकाला खोबरेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, ऑक्सिजनजवळ तेल धोक्याचं. लावायचीच तर तेलाऐवजी पाण्यापासून बनवलेली (वॉटर-बेस्ड) जेली लावा. समई, उदबत्ती, गॅस दहा फूट लांब.

विजेचं मात्र झोंबतं. 350 वॅट, पंधरा तास, म्हणजे रोज सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. महावितरणचा 300 चा स्लॅब सहज ओलांडला जातो. फ्लो कमी ठेवून वीज वाचेल ही आशा सोडा, बहुतेक मशीनचा कॉम्प्रेसर तसाच चालतो. आणि आकडा कमी दिसला म्हणून फ्लो परस्पर वाढवू नका. सीओपीडीत ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, पेशंट गुंगीत जातो.

मशीनच्या मागची हवा गाळणारी जाळी आठवड्याला साबणाने धुवा आणि खडखडीत वाळवा. पावसाळ्यात ती दिवसभर वाळत नाही, म्हणून दोन जाळ्या ठेवा. ओली बसवली तर ओल आतल्या झिओलाइटला लागते, मग सिव्ह खरोखरच जाते. मशीन भिंतीपासून फूटभर दूर.

सिव्हचं बिल हातात ठेवलं तर आधी मशीनच्या तोंडाशी अॅनालायझर (ऑक्सिजनची शुद्धता मोजणारं यंत्र) लावून शुद्धता मोजायला लावा. 90 टक्क्यांच्या वर आली तर एक रुपया देऊ नका.