सेकंडहँड ईको कार्गो (मारुतीची मालवाहू व्हॅन) घेताय? माझे ४,२८,०७० रुपये कसे गेले ते आधी वाचा

गाडी चांगली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला हकीकत सांगावी तो पहिलं हेच विचारतो, 'इंजिन बसलं का?' इंजिन बसलं नाही, गिअरबॉक्सही वाजत नव्हता. गाडी आजही दणदणीत आहे, फक्त ती एका फायनान्स कंपनीच्या यार्डात उभी आहे आणि ती माझी नाही.

मी कोल्हापुरात एसी-फ्रिजची कामं करतो. राजारामपुरी, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, शिवाय पेठांमधली जुनी घरं. उन्हाळ्यात भाड्याच्या टेम्पोला दिवसाला १,२०० रुपये जात होते. ड्रायव्हर वर बसून तंबाखू मळणार आणि आउटडोअर युनिट उतरवायचं मी नि भाच्यानं. म्हणून ठरवलं, आता स्वतःची गाडी.

कोणती घ्यायची याचा विचार आम्ही पुष्कळ केला, आणि तो चुकलेला नाही. छोटा हत्ती माल उचलतो, पण हौदा उघडा. कोल्हापूरचा पाऊस माहीत आहे, ताडपत्री बांधून पीसीबी (एसीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड) आणि कॉपरची भेंडोळी सांभाळायची म्हणजे रोजची कटकट. पिकअप दणकट, पण मंगळवार पेठेतल्या बोळात ती घालून दाखवा मला. शिवाय आउटडोअर युनिट उभंच आणावं लागतं. आडवं टाकून आणलं आणि लगेच चालू केलं, तर कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात उतरलेलं असतं, मग बोंबला. ईको कार्गो बंद बॉडीची, सरकत्या दाराची, वर शिडी बांधता येते. सीएनजीची टाकी मागची जागा खाते म्हणून नुसत्या पेट्रोलवरची बघितली. आजही कुणी विचारलं तर सर्व्हिसच्या धंद्याला हीच सांगेन. ज्यांना रोज टनाचा माल ओढायचाय त्यांनी हा लेख सोडून पिकअप बघावी.

हायवेलगत जुन्या गाड्यांच्या एका यार्डात एक मिळाली. पांढरी, २०१९ चं मॉडेल, शेजारच्या जिल्ह्याचं पासिंग. यार्डवाल्यानं किंमत ३,९०,००० सांगितली, ३,६५,००० वर आला.

आता आपण कोल्हापूरकर जुनी गाडी घेताना पहिलं काय बघतो? पुराचं पाणी. २०१९ ला आणि परत २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. त्या दोन पावसाळ्यांत किती गाड्या बुडाल्या आणि धुऊन-पुसून कुठं कुठं विकल्या गेल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, गाळाची रेघ नव्हती. मॅटिंग उचललं, खाली बोट फिरवलं. फ्यूज बॉक्सचे स्क्रू बघितले, हेडलाइटच्या काचेच्या आत बघितलं. डिपस्टिक काढली, थंड इंजिनवर चालू करून घेतली, इंजिन ऑइलचं झाकण काढून धूर बघितला. यार्डवाला मागं उभा राहून म्हणतोय, "मालक, तुमी मेकॅनिक माणूस. तुमाला आमी काय फसवणार?"

बरोबर बोलला. मशीनमध्ये फसवूच शकला नसता. त्यानं मशीनला हातच लावला नव्हता, त्याचं काम सगळं कागदात.

कागद मी बघितले नाहीत असं कुणी म्हणू नये. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता, तो मला दिसला. एमपरिवहन ॲपवरही दिसला. विचारलं. तो म्हणाला, हप्ते फिटलेत, एचपी (म्हणजे हा बोजाच) उतरवायला टाकलंय, सर्व्हर चालत नाही. सर्व्हर चालत नाही हे आपल्याकडं कुणी अमान्य करतं का? लगेच फाईल काढली. कंपनीच्या लेटरहेडवर एनओसी, म्हणजे लोन फिटल्याचं ना-हरकत पत्र, गोल शिक्का, सही. बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती, त्यावरही शिक्के. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या केलेले तयार.

मी एनओसीवरच्या नंबरला फोनसुद्धा लावला. एक बाई बोलली, कंपनीचं नाव घेऊन बोलली, लोन नंबर विचारला आणि म्हणाली, "हां सर, लोन क्लोज्ड है." अजून काय करायचं होतं माणसानं? नंतर कळलं की ती बाई त्यांचीच. एनओसीवर छापलेल्या नंबरला फोन करून एनओसी खरी ठरत नाही. लोन नंबर घेऊन कंपनीच्या शाखेत स्वतः जायचं आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर बघून घ्यायचं. हे मला आता कळतंय, आणि मला हे सांगणारे शहाणे पण आताच भेटतायत.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की झोप उडते.

भाचा आत वाकून, टॉर्च मारून चेसिस नंबर वाचत होता. धूळ होती म्हणून ओल्या फडक्यानं पुसला. मी एनओसी हातात धरून एकेक अक्षरावर बोट सरकवत होतो. शेवटाकडं आल्यावर तो थांबला. "मामा, हितं दोन शून्य हायती. कागदावर एकच गोल दिसतोय, आणि तो पण अंड्यागत." मी बघितलं. खरंच, पत्र्यावर दोन शून्य कोरलेले आणि कागदावर एक इंग्रजी ओ. माझं बोट त्यावरच होतं.

यार्डवाल्यानं मान वळवूनही बघितलं नाही. "टायपिंग मिस्टेक हो. क्लार्क लोकं असलीच." आणि चहा आला.

चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, एक नि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. म्हणजे त्या 'ओ' अक्षराला तिथं जागाच नव्हती, आणि कागदावर अक्षरंही १६ भरत होती. एसीच्या मॉडेल नंबरमधलं एक अक्षर बदललं तर पीसीबी बदलते हे ग्राहकांना समजावून सांगणारा माणूस मी. पण माझ्या स्वतःच्या लाईट बिलावर आडनाव चुकलेलं आहे आणि ते मी वर्षानुवर्षं तसंच भरतोय. चुकीच्या टायपिंगनं कुठलं काम अडतंय आपल्याकडं? एप्रिलचा पहिला आठवडा, फोनवर फोन, प्रत्येकाला एसी आजच दुरुस्त पाहिजे. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तो चहा प्याला असता.

पैसे असे गेले. टोकन १५,००० यूपीआयने. २,५०,००० आरटीजीएस, त्यातले १,५०,००० बायकोच्या पाटल्यांवर पतसंस्थेतून सोनेतारण काढून. १,००,००० रोख, कारण "मूळ मालकाला रोख पायजे". आरटीजीएसचं खातं मूळ मालकाचं नव्हतं, त्याच्या मेव्हण्याचं म्हणे. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात पैसे टाका. मेव्हणा, भाऊ, पार्टनर कुणी नको. रोख तर अजिबात नको. पोलीस पहिला प्रश्न त्याचाच विचारतात, "रोखीची पावती?"

पुढं ट्रान्स्फरच्या एजंटला ८,५००. विमा १४,२२०, तोही जुन्याच नावावर काढला गेला. क्लच प्लेट, बॅटरी आणि दोन टायर मिळून २१,७५०. उद्यमनगरात आतले रॅक आणि वरचं शिडीचं कॅरिअर करून घेतलं, १८,६००. करा बेरीज. ४,२८,०७०.

ट्रान्स्फर काही होईना. एजंट म्हणायचा, मूळ मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो, तो उचलत नाही, गावाला गेलाय, घरात मयत झालीय. मालक म्हणून ज्याच्याशी माझं यार्डात बोलणं करून दिलं होतं तो फोनवर गोड बोलायचा, मग बंद. गाडी ताब्यात, कामं चालू, पावसाळा निघून गेला.

दिवाळीच्या आधी तावडे हॉटेलच्या चौकात फायनान्स कंपनीच्या रिकव्हरीवाल्यांनी गाडी आडवली. भाचा चालवत होता. एक स्कॉर्पिओ, दोन बुलेट. किल्ली काढून घेतली, त्याला खाली उतरवला आणि गाडी ओढून नेली. मूळ मालकाच्या लोनची थकबाकी २,८७,४०० रुपये. आत माझा व्हॅक्यूम पंप, गेज, आर-३२ गॅसचा सिलिंडर, ड्रिल, सगळं मिळून ३६,४०० चं सामान, शिवाय एका ग्राहकाची पीसीबी. तिचे ४,८०० मी खिशातून भरले, ते वरच्या बेरजेत नाहीत. रिकव्हरीवाल्यांकडं कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावं लागतं. पोराला कुणी दाखवलं नाही आणि त्याला मागायचं सुचलं नाही. तुमच्या गाडीवर जो पोरगा असेल त्याला हे आजच सांगून ठेवा, आणि हत्यारांची बिलं घरात ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डात नको. माझी डॅशबोर्डातच होती.

शाखेत गेलो. मॅनेजरनं एनओसी दोन बोटात धरली आणि हसला. म्हणे हा शिक्का आम्ही वापरतच नाही. मग तुमच्या नावानं खोटा शिक्का मारला म्हणून तक्रार द्या की. तर म्हणे, ते हेड ऑफिस बघेल. माझ्या सामानाचं विचारलं तर म्हणे, यादी आणि बिलं आणा. वर तक्रार करीन म्हटल्यावर उत्तर काय? "तुम्ही आमचे ग्राहकच नाही." गाडी ओढून न्यायला मी चालतो, तक्रार करायला चालत नाही.

मूळ मालक शोधून काढला. गरीब माणूस, हप्ते तटले म्हणून ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून गाडी एकाला दिलेली, 'पुढचे हप्ते तू भर' या बोलीवर. त्यानं हप्ता भरला नाही, गाडी यार्डात लावली. फॉर्मवरच्या सह्या आपल्या नव्हेत म्हणतो. यार्डवाला म्हणतो, आम्ही फक्त कमिशनवर. नोटरी केलेल्या कागदानं गाडीची मालकी बदलत नसते, असा कागद कुणी पुढं केला की तिथूनच मागं फिरा.

आता पोलीस. यार्ड एका ठाण्याच्या हद्दीत, गाडी ओढली दुसऱ्याच्या हद्दीत. पहिलं ठाणं म्हणालं, घटना तिकडची. दुसरं म्हणालं, पैसे दिले तिकडं, तिकडं जा. हद्द कुठलीही असली तरी फिर्याद नोंदवून घ्यावी लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, असं वकिलानं शिकवून पाठवलं होतं. तसं बोललो तर हवालदारसाहेब म्हणाले, "मग वकिलालाच लिहायला सांगा." अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर साहेब बाहेर. साहेब आले तेव्हा म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, व्यवहारात असं होतं, कोर्टात जा. खोटा शिक्का, खोटी सही, खोटी बाई फोनवर, आणि हे दिवाणी! आपण ज्याला चारशेवीस म्हणायचो ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं, खोट्या कागदाचं ३३६ आणि ३४०. कलमांचे नंबर मला पाठ झाले, ज्यांचं ते काम आहे त्यांना करायचे नाहीत. एकानं तर उलट मलाच विचारलं, "एवढ्या स्वस्तात कशी घेतली?" स्वस्तात? ३,६५,००० हा काय फुकटचा भाव आहे? चोर यार्डात खुर्ची टाकून बसलाय आणि जबाब माझा घेतायत.

ठाण्यात दाद लागली नाही की तक्रार लेखी करून पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायची, पोच आपल्याजवळ ठेवायची. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. मी तिथवर आलोय. वकिलाची फी वेगळी, तिचा आकडा लिहायची हिंमत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार टाकलीय यार्डवाल्यावर. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. त्यांच्या वकिलानं पहिल्याच तारखेला मुद्दा काढला की गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून मी ग्राहक नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं 'धंद्यासाठी घेतलेली' यात मोडत नाही. तेव्हा तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा, की गाडी मी स्वतः चालवतो, काम स्वतः करतो, घर त्यावर चालतं. माझ्या तक्रारीत ते आधी नव्हतं, नंतर दुरुस्ती करून घातलं.

यार्ड चालू आहे. बोर्ड बदललाय, पत्र्याची शेड तीच, चहावाला तोच. ज्यांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत तिथून व्हॅन घेतली आणि ट्रान्स्फर अजून लटकलंय त्यांनी मला निरोप द्यावा, अर्ज एकत्र देऊ. गाडी रस्त्यावर काढायच्या आधी आतलं सामान मात्र घरात उतरवून ठेवा.