प्लेट्स सुंदर, पण सोबतचं कार्ड खोटं

'विलो पॅटर्न' या चिनी धाटणीच्या निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या सहा प्लेट्सचा संच दोन महिने रोज वापरतेय. वस्तू म्हणून अप्रतिम आहे. इतकी घासाघीस होऊनही निळा रंग जराही उतरला नाही, कारण छपाई झिलईच्या खाली आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी पातळ कागदावर उतरवतात, तो कागद एकदा भाजलेल्या प्लेटवर दाबून बसवतात आणि मग झिलई देऊन पुन्हा भाजतात. एका प्लेटच्या काठावर कागदाची दोन टोकं जिथे जुळवलीत तिथे जाळीची नक्षी किंचित सरकलीय. मी स्वतः मातीची भांडी रंगवते, त्यामुळे हा सांधा मला फार आवडतो. तिथे कुणाचा तरी हात दिसतो.

राग आला तो खोक्यातल्या कार्डाचा. पळून जाणारे प्रेमिक, पुलावरची तीन माणसं, शेवटी कबुतरं झालेलं जोडपं, आणि वर ठळक अक्षरांत 'प्राचीन चिनी दंतकथा'. ही कथा चीनमधली नाहीच. चिनी निर्यातीच्या भांड्यांवरची दृश्यं जुळवून इंग्रज कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही नक्षी बेतली. गोष्ट नंतर तिथेच रचली गेली, आणि तिच्यामुळे प्लेट्स आणखी खपल्या.

उसनं घेण्याला माझी हरकत नाही. चौदाव्या शतकात चीनमधल्या जिंगडेझेनच्या कुंभारांनी निळ्या रंगासाठी इराणचा कोबाल्ट वापरलाच की. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळल्यावर चिनी मालाची आवक आटली, तेव्हा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या कारागिरांनी साध्या मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवून निळी नक्षी काढली. त्यांनी नक्कलच केली, पण ती करता करता स्वतःचं काहीतरी घडवलं. याउलट १७३० च्या सुमारास पॅरिसच्या लमेर नावाच्या व्यापाऱ्याने मायसेन या जर्मन कारखान्याकडून जपानी काकिएमोन शैलीची भांडी करून घेतली, आणि ती अस्सल जपानी म्हणून विकता यावीत म्हणून कारखान्याची खूण तळाला नको म्हणाला. हे कार्ड मला त्याच जातीचं वाटतं. दुसऱ्याच्या नावावर आपली गोष्ट खपवायची, आणि ज्यांच्या हातची मूळ चित्रं त्या चिनी चित्रकारांबद्दल चकार शब्द नाही. आपण मराठीत निदान 'चिनीमाती' तरी म्हणतो.

प्लेट्स जरूर घ्या. कारखान्याला मी पत्र पाठवलंय: 'चिनी भांड्यांवरून घेतलेली, इंग्लंडमध्ये बेतलेली नक्षी' एवढी एक ओळ कार्डावर छापा. उत्तर आलं की इथे लिहीन.