भाजीच्या वाफ्यावर समुद्री शेवाळ की पेंढा?

मैत्रिणीचा घोळ असा: किनारा जवळ, वाहून आलेलं शेवाळ हवं तेवढं, पण घरात पेंढाही पडून आहे. आच्छादनाला काय घालू?

पोषणात शेवाळ सरळ पुढे. पालाश (पोटॅशियम) भरपूर, सूक्ष्म अन्नद्रव्यंही असतात. स्फुरद (फॉस्फरस) मात्र कमी, तेव्हा एकट्या शेवाळावर विसंबू नये. पेंढ्यात कर्ब (कार्बन) जास्त, नत्र (नायट्रोजन) कमी. वर पसरला तर ठीक, पण मातीत मिसळला की तो कुजेपर्यंत नत्र अडकून राहतं आणि रोपं पिवळी पडतात.

तणाच्या बाबतीतही शेवाळच बरं, त्यात तणाचं बी नसतं. पेंढा झटकला की उरलेले दाणे पडतात आणि पुढे तेच उगवतात.

टिकण्यात मात्र पेंढा जिंकतो. वीतभर ओलं शेवाळ वाळून कागदासारखं कडक, चपटं होतं आणि लवकर कुजतं; पुन्हा घालावं लागतं. पेंढा हंगाम काढतो.

मेहनतही शेवाळाचीच जास्त. ओलं शेवाळ फार जड. मीठ निघून जावं म्हणून गोड्या पाण्यानं धुवा किंवा एक-दोन पावसांत भिजू द्या, आणि खोडापासून चार बोटं दूर ठेवा. खडकावरचं जिवंत शेवाळ कृपा करून उपटू नका, ते कित्येक जीवांचं घर आहे.

बटाटा, टोमॅटो, बीट अशा पालाशखाऊ पिकांना आणि रेताड मातीला शेवाळ घाला. कोवळी रोपं, मुळातच खारवट जमीन किंवा वरचेवर लक्ष देणं जमणार नसेल, तर पेंढाच बरा.