दोन काचांचा डायव्हिंग मास्क : आठ महिन्यांनंतर

ठाण्यातल्या तरणतलावात दर आठवड्याला सराव, अंदमानात स्वराजद्वीपला म्हणजे जुन्या हॅवलॉकला डाइव्ह, आणि वंडूरहून जॉली बॉयला स्नॉर्केलिंग. काळ्या सिलिकॉन स्कर्टचा (चेहऱ्याला चिकटणारी मऊ कड) हा मास्क एवढा वापरून झालाय. सिलेंडर, रेग्युलेटर (त्यातली हवा तोंडात देणारं यंत्र) भाड्याने घ्या, मास्क मात्र स्वतःचा हवा. चेहरा ज्याचा त्याचा.

घेताना पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास घ्या आणि हात सोडा. पडला तर तो तुमचा नाही. काचेवर ‘टेम्पर्ड’ म्हणजे कडक केलेली काच, असं कोरलेलं असावं. पोहण्याचे गॉगल चालत नाहीत, कारण नाक बाहेर राहतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, आतली हवा आकसते. उतरताना नाकाने थोडी थोडी हवा सोडली नाही तर डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात.

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर असतो, म्हणून पहिल्या दिवशी धुकं हमखास. पांढरी साधी टूथपेस्ट (जेल नको) आतून बोटाने दोन-तीन मिनिटं घासून धुवायची, असं चार-पाच वेळा. काचेला आतून धुकं रोखणारं कोटिंग असेल तर मात्र घासू नका. नंतर दर डाइव्हआधी बेबी शाम्पूचा थेंब फिरवून हलकं विसळलं की पुरतं.

हा खटाटोप प्रवाळासाठीही आहे. धुकं आलं की माणूस दोन्ही हात मास्ककडे नेतो, पाय खाली सुटतात आणि फिन म्हणजे पायातले वल्ह्यासारखे पंख प्रवाळावर आपटतात. गोलसर भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. एका लाथेत कित्येक वर्षं जातात. वंडूरचा परिसर १९८३ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे मास्क सारखा करायला प्रवाळावर उभं राहणं अक्षम्यच. आत शिरलेलं पाणी काढून मास्क रिकामा करायला तलावातच शिकून जा: नजर किंचित वर, चौकटीची वरची कड दाबून नाकाने सावकाश उच्छ्वास.

पाणी शिरतंय म्हणून पट्टा आवळू नका, त्याने स्कर्ट दुमडतो आणि गळती वाढते. बहुतेक वेळा केसांची बट किंवा मिशी आड येते. मिशीवर सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ओला मास्क डबीत ठेवला तर सिलिकॉनवर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते पुरते जात नाहीत. गोड्या पाण्यात बुडवून बकल उघडझाप करा, मीठ तिथेच साचतं. मग दिवसभर सावलीत वाळवा आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका. घोडबंदर रोडला उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आमचा पट्टा सातव्या महिन्यात बकलपाशी चिरला. बेटावर जाताना जादा पट्टा बरोबर असू द्या.